खान्देशातल्या क्रीडाशिक्षकांना खुलं पत्र: सरावात समोर कुणीतरी उभं करा

जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतल्या शाळा-आश्रमशाळांमधल्या सर्व क्रीडाशिक्षक बंधू-भगिनींना,

सप्रेम नमस्कार.

तालुका पातळीवरच्या शालेय स्पर्धा तोंडावर आल्या आहेत. १४, १७ आणि १९ वर्षांखालचे संघ बहुतेक ठरले असतील. सकाळी प्रार्थनेच्या आधी आणि संध्याकाळी शाळा सुटल्यावर तुमच्या मैदानांवर सराव चालू असेल. हे पत्र त्या सरावाबद्दल आहे. मी तुमच्यातलीच एक. अमळनेर तालुक्यातल्या एका शाळेत मुलींना खो-खो आणि मैदानी खेळ शिकवते. स्पर्धांच्या निमित्तानं चोपड्यापासून शहाद्यापर्यंत बरीच मैदानं पाहिली, आणि सरावाचं चित्र बहुतेक ठिकाणी सारखंच दिसलं. मुलं रांगेत उभी. शिट्टी वाजते. पहिला मुलगा प्लॅस्टिकच्या कोनापर्यंत धावतो, वळसा घालून येतो, पुढच्याच्या हातावर टाळी देतो. खो-खोच्या मुली चौकोनांमधून नागमोडी पळतात, पण पकडायला समोर कुणी नसतं. कबड्डीचा चढाईपटू रिकाम्या अंगणात शिरतो, बोनस रेषेपलीकडे पाय टाकतो आणि परत येतो.

यानं दम वाढतो, पाय कणखर होतात. त्याबद्दल वाद नाही. पण सामन्यात हीच मुलगी खो मिळाल्यावर उठते आणि समोरची दोन पावलं पुढे निघून गेलेली असते. मग आपण म्हणतो, "ध्यान कुठं होतं तुझं?" किंवा "घाबरली." माझं म्हणणं असं आहे की तिचं ध्यान जागेवर होतं आणि ती घाबरलेलीही नव्हती. तिला पळणं शिकवलं गेलं. कधी पळायचं आणि कुठे वळायचं हे ज्या खुणांवरून कळतं, त्या खुणा मात्र सरावात तिच्यासमोर कधी आल्याच नाहीत.

हे नीट सांगायचं तर शरीरात काय घडतं तिथून सुरुवात करावी लागेल. दिवा लागला की बटण दाबायचं, एवढं साधं काम माणसाला सांगितलं तरी त्याला साधारण २०० मिलिसेकंद लागतात, म्हणजे सेकंदाचा पाचवा भाग. आवाजाला उत्तर द्यायचं असेल तर वेळ थोडा कमी लागतो, साधारण १५० मिलिसेकंद. डोळ्याच्या पडद्यावर पडलेल्या प्रकाशाचं आधी रासायनिक क्रियेतून मज्जासंदेशात रूपांतर व्हावं लागतं, आणि त्यात वेळ जातो. कानातल्या पेशी आवाजाच्या कंपनानं थेट हलतात, म्हणून कान पुढे राहतो. जागतिक ॲथलेटिक्सच्या नियमानुसार शर्यतीत बंदुकीनंतर ०.१ सेकंदाच्या आत कुणी ब्लॉकवर जोर दिला तर ती चुकीची सुरुवात धरतात, कारण इतक्या लवकर ऐकून हलणं माणसाला जमत नाही असं गृहीत आहे. तो धावपटू ऐकून निघाला नसून अंदाजानं निघाला, असं मानलं जातं.

आता दिवा एकच नसून चार असतील आणि प्रत्येकासाठी बटण वेगळं असेल, तर वेळ आणखी वाढतो. पर्याय वाढले की उत्तराला उशीर होतो, हे विल्यम हिक यांनी १९५२ मध्ये मोजून दाखवलं. खेळात पर्याय चारच कुठे असतात? समोरची डावीकडे जाईल, उजवीकडे जाईल, थांबेल, हूल देईल, मागे फिरेल.

मग काही मुलं इतकी चपळ कशी? "तिची रिॲक्शन फास्ट आहे," असं आपण सहज म्हणतो. हेच वाक्य तपासून पाहायला हवं. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ पीटर मॅक्लिऑड यांनी १९८७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात क्रिकेटच्या चटईखाली लाकडी दांड्या ठेवल्या, म्हणजे टप्पा पडल्यावर चेंडू कुठे वळेल ते कुणालाच आधी कळू नये. वळलेल्या चेंडूनुसार बॅट हलवायला कसलेल्या व्यावसायिक फलंदाजांनाही २०० मिलिसेकंदांच्या आसपासच वेळ लागला. त्यांचे डोळे आणि मज्जातंतू तुमच्या-माझ्यापेक्षा वेगवान नव्हते. ताशी १४० किलोमीटरचा चेंडू २०.१२ मीटरच्या खेळपट्टीवरून फलंदाजापर्यंत जेमतेम अर्ध्या सेकंदात येतो. त्यातला एवढा वेळ नुसतं उत्तर द्यायलाच गेला, तर मोठे फलंदाज खेळतात कसे? ते लवकर वाचतात. गोलंदाजाचा हात, मनगट, चेंडू सुटण्याचा क्षण यांतून त्यांना चेंडूचा बराचसा पत्ता आधीच लागलेला असतो.

मायकेल लँड आणि मॅक्लिऑड यांनी २००० साली फलंदाजांच्या डोक्यावर डोळ्यांची हालचाल टिपणारा कॅमेरा बसवून हे पाहिलं. फलंदाज सुटणारा चेंडू बघतो आणि मग त्याची नजर चेंडूला सोडून पुढे, जिथे टप्पा पडणार त्या जागेवर उडी घेते आणि तिथे चेंडूची वाट पाहते. चांगल्या फलंदाजाची नजर ही उडी लवकर घेते. आपण मात्र मुलाला ओरडून सांगतो, "बॉलवरून नजर हलवू नको!" त्याचे डोळे जे शिकू पाहतात त्याच्या उलट हे सांगणं आहे.

बॅडमिंटनमध्येही हेच दिसलं. ब्रूस ॲबरनेथी आणि डेव्हिड रसेल यांनी १९८७ मध्ये खेळाडूंना फटक्यांची चित्रफीत दाखवली आणि ती वेगवेगळ्या क्षणी तोडली. नवखे खेळाडू फक्त रॅकेटवरून फूल कुठे पडेल ते ओळखत होते. मुरलेले खेळाडू रॅकेट धरलेल्या हाताच्या हालचालीवरूनही ओळखत होते, म्हणून त्यांना आधी कळत होतं. हे कसब जन्मजात नाही. खऱ्या माणसासमोर हजारो वेळा उभं राहून ते येतं. कोनासमोर उभं राहून येत नाही, कारण कोनाला खांदा नसतो.

खो-खोबद्दल थोडं जास्त बोलते, कारण ते मी रोज बघते. आठ जणी चौकोनांत बसलेल्या असतात, एकीचं तोंड इकडे, पुढचीचं तिकडे. बसलेल्या मुलीला अर्धं मैदान दिसतच नाही. तिच्या पाठीवर हात पडतो आणि त्याच क्षणी "खो" ऐकू येतो. नियमानं दोन्ही एकाच वेळी व्हायला हवं, आणि याचा तिला मोठा फायदा आहे. एकच बातमी कान आणि त्वचा दोघांकडून एकदम आली की मेंदू ती एकट्या कानाच्या किंवा एकट्या त्वचेच्या बातमीपेक्षा लवकर उचलतो. पण उठल्यावर तिला तोंड असेल त्याच बाजूला जावं लागतं. मध्यपाटी, म्हणजे ज्या पट्ट्यात सगळ्या बसतात ती, ओलांडता येत नाही. एकदा घेतलेली दिशा खांबापर्यंत बदलता येत नाही. म्हणजे पहिल्या पावलाचा निर्णय चुकला तर तो दुरुस्त होत नाही. हा निर्णय उठल्यावर घ्यायला वेळच नसतो. तो बसल्या जागी झालेला हवा. पावलांचा आवाज कुठून येतोय, आपली आक्रमक, म्हणजे पाठलाग करणारी, किती दूर आहे, समोरची साखळी खेळतेय (बसलेल्यांच्या मधून नागमोडी पळतेय) की रिंगण घालतेय (गोल फिरतेय), हे सगळं तिच्या डोक्यात आधीच मांडलेलं असलं पाहिजे. संरक्षकाकडे, म्हणजे चुकवत पळणाऱ्या मुलीकडे, पाहिलं तर ती आक्रमकाचा चेहरा बघतच नाही. ती खांदे आणि कंबर बघते. चेहऱ्यानं फसवता येतं, पण धावत्या शरीराचं वजन ज्या पायावर गेलं तिकडून ते अचानक परत फिरवता येत नाही.

माझ्या मुलींच्या सरावात मी आता फार थोड्या वेळा रिकामा पाठलाग घेते. दोन संरक्षक आणि तीन-चार बसलेल्या मुली एवढं छोटं मैदान करते. कधी चौकोनांतलं अंतर कमी, कधी जास्त. कधी बसलेल्यांना सांगते, डोळे मिटा आणि पावलं ऐकून हात करा, आक्रमक कुठल्या बाजूला आहे. सुरुवातीला गोंधळ उडतो, मुली हसतात. काही आठवड्यांत त्यांचे हात बरोबर दिशेला जायला लागतात. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत झालेला पहिला खो-खो विश्वचषक भारताच्या दोन्ही संघांनी जिंकला. कर्णधार प्रियंका इंगळे आणि प्रतीक वाईकर दोघेही महाराष्ट्राचे. त्यांच्या सामन्यांचे व्हिडिओ मुलींना जरूर दाखवा, पण संरक्षक वळण्याच्या ऐन आधी थांबवा आणि विचारा, "आता कुठे जाईल?" मग चालू करा. मोबाइल तर सगळ्यांकडे आहे, खर्च शून्य.

कुस्तीत डोळ्यांचं काम कमी. एकदा पकड लागली की पैलवान समोरच्याचं बळ कातडीनं, स्नायूंनी आणि सांध्यांनी वाचतो. स्नायूंत ताण ओळखणारे सूक्ष्म तंतू असतात. अचानक ओढ बसली की मेंदूचा विचार सुरू व्हायच्या आत, ५० मिलिसेकंदांच्या आतच, मज्जारज्जूकडून पहिलं उत्तर निघतं. कानाच्या आतल्या तीन अर्धवर्तुळाकार नलिका डोकं कुठे वळलं ते सांगतात. आपल्या चाळीसगाव तालुक्यातले विजय चौधरी लागोपाठ तीन वर्षं महाराष्ट्र केसरी झाले. त्यांच्यासारखे मल्ल तयार होतात ते जिवंत जोडीदाराशी रोज लढून. जोर-बैठका लागतातच, पण जोर काढताना समोरून ओढणारं कुणी नसतं. शाळेत कुस्ती शिकवणाऱ्या सरांनी पकडीपासून सुरुवात करून, डोळे मिटून, गुडघ्यांवर बसून, सांभाळून थोडा वेळ लढत घेऊन बघावी. मुलं हातानं ऐकायला शिकतात.

आता सातपुड्याकडे येते. धडगाव, अक्कलकुवा, तोरणमाळ भागातल्या आश्रमशाळांची मुलं प्रकल्पस्तरीय स्पर्धांना उतरली की कौतुकानं एक वाक्य बोललं जातं, "यांच्या रक्तातच आहे." मला हे वाक्य मनापासून खटकतं. त्यात त्या मुलांच्या कष्टाचा मान कुणालातरी दुसऱ्यालाच दिला जातो. चढ-उतारावर, दगडगोट्यांवर अनवाणी वाढलेल्या मुलाच्या तळपायांनी आणि घोट्यांनी वर्षानुवर्षं जमीन वाचलेली असते. दर पावलाला जमीन वेगळी, म्हणून दर पाऊल वेगळं टाकावं लागतं. ज्वारीच्या शेतात माळ्यावर उभं राहून पाखरांवर गोफण मारणारा मुलगा दोरी नेमकी कधी सोडायची हे हाताला जाणवणाऱ्या ओढीवरून ठरवतो, कारण फिरणारा दगड त्याला दिसत नाही. तिरकमठा घेऊन फिरलेल्याला अंतर आणि वारा कळतो. हा सगळा सराव आहे, आणि उत्तम सराव आहे. असं मूल आपल्या मैदानावर आलं की आपण त्याला रांगेत उभं करून कोनाला वळसा घालायला लावतो.

इथे जिल्हा क्रीडा कार्यालयांनाही एक विनंती करते, कारण हे पत्र त्यांच्याही वाचनात येईल अशी आशा आहे. निवडीच्या चाचण्यांत आपण धावणं, उभी लांब उडी, मेडिसिन बॉल, शटल रन, ८०० मीटर मोजतो. मोजा, त्यांचा उपयोग आहे. पण त्यात बळ आणि वेग कळतो, वाचन कळत नाही. चाचणीच्या दिवशी अर्धा तास मुलांना लहान गटांत शिवाशिवी किंवा लंगडी खेळू द्या, आणि दोन अनुभवी शिक्षकांना नुसतं बघायला बसवा. कोण आधी निघतो, कोण हुलीला फसत नाही, ते त्यांना दिसेल. शटल रनमध्ये मागे पडलेलं एखादं मूल इथे सगळ्यांना चुकवत पळताना सापडेल.

लांब उडीचंही असंच. आपण मुलांना पावलं मोजायला लावतो, खुणेपासून फळीपर्यंत दर वेळी तीच पावलं. डेव्हिड ली आणि सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये अव्वल दर्जाच्या लांब उडी खेळाडूंची धाव मोजली. त्यांच्यातही पावलांमधला फरक धावेबरोबर साठत जात होता, आणि अगदी शेवटच्या काही पावलांत ते फळीकडे बघून पाऊल लहान-मोठं करत होते. धाव पाठ करून फळी सापडत नाही, शेवटची दुरुस्ती डोळाच करतो. म्हणून मी कधीकधी सुरुवातीची खूण मुलीला न सांगता हातभर पुढे-मागे सरकवते आणि फळी गाठायला सांगते. तिला पाऊल जुळवायला शिकायचं आहे.

१९२० च्या दशकात मॉस्कोत निकोलाय बर्नश्टाइन यांनी छिन्नीवर हातोडा मारणाऱ्या कसबी कामगारांची हालचाल चित्रफितीवर टिपली होती. हातोडा दर वेळी नेमका जागेवर बसत होता, पण खांदा, कोपर आणि मनगट दर वेळी थोड्या वेगळ्या वाटेनं जात होते. कसबी हात एकच हालचाल पुन्हा पुन्हा छापत नसतो. तो दर वेळी तोच प्रश्न नव्यानं सोडवतो. आपल्या मैदानावरचं "अगदी तस्सं कर" हे त्याच्याशी जुळत नाही.

सरावाच्या क्रमाबद्दल सांगितलं तर काही जण नाराज होतील, तरी सांगते. एकच सर्व्हिस पन्नास वेळा, मग दुसरी पन्नास वेळा, असा सराव दिसायला छान असतो. मुख्याध्यापक बघत असतील तर आणखी छान. बॅडमिंटनच्या तीन सर्व्हिस घेऊन सिनाह गूड आणि रिचर्ड मॅगिल यांनी १९८६ मध्ये पाहिलं की तिन्ही मिसळून, क्रम बदलत सराव केलेल्यांना नंतरच्या परीक्षेत जास्त चांगलं जमलं. शे आणि मॉर्गन यांच्या १९७९ च्या प्रयोगातही मिसळून सराव करणारे सरावाच्या वेळी मागे होते आणि काही दिवसांनी पुढे निघाले. म्हणजे असा सराव चालू असताना मुलं जास्त चुकणार. पालक म्हणतील, सर, काही प्रगती दिसत नाही. तेवढं सोसायची तयारी ठेवावी लागेल, कारण सामन्यात कुणी सलग पन्नास वेळा एकच चेंडू देत नाही.

आणि आपला आवाज. सामना चालू असताना रेषेबाहेरून "पय व पोरी, पय!" असं ओरडायला मलाही आवडतं, खान्देशात ते थांबणार नाही आणि थांबूही नये. पण बसलेली मुलगी पाठीमागची पावलं ऐकत असताना आपण तिच्या कानात सूचना ओतत असतो, "डावीकडे बघ, गुडघा वाकव, हात वर घे." तिच्याकडे येणारी कामाची माहिती आपल्या आवाजाखाली गाडली जाते. शिवाय स्वतःच्या अवयवावर लक्ष दिलं की हालचाल बिघडते. गॅब्रिएल वुल्फ आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये स्कीच्या सराव-यंत्रावर दाखवलं की पायांवर लक्ष ठेवलेल्यांपेक्षा पायांखालच्या चाकांवर लक्ष ठेवलेले लवकर शिकले. पुढे अनेक खेळांत असंच आढळलं. "गुडघा वर उचल" म्हणण्यापेक्षा "जमीन मागे ढकल" म्हणा. "मनगट वळव" म्हणण्यापेक्षा "चेंडू त्या कोपऱ्यात टाक" म्हणा. सूचना चढाईच्या आधी द्या, चढाई चालू असताना गप्प राहा.

डोळ्यांबद्दल एक गोष्ट घाईनं पण ठासून सांगते. मुलाला फळा दिसत नाही हे वर्गशिक्षकांना कळतं. पण त्याला झेल सुटतो तेव्हा ते न दिसल्यामुळे असेल, हे आपल्या लक्षात येत नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत येतं तेव्हा संघातल्या प्रत्येक मुलाचे डोळे तपासून घ्या, आणि चष्मा लागला तर त्यासाठी पालकांच्या मागे लागा. संध्याकाळी उजेड कमी झाला की डोळ्यांचं काम मंदावतं, म्हणून झेल, फलंदाजी, बॅडमिंटन उजेड असताना घ्या आणि दमाचं काम अंधार पडताना. आपल्याकडे भर उन्हात सराव घेता येत नाही, त्यामुळे वेळ कमी असतो हे खरं. म्हणूनच उजेडाची अर्धी घटका रांगेत उभं राहण्यात घालवू नका.

आजकाल काही शहरांत दिव्यांच्या पाट्या आणि मोबाइलवरचे खेळ विकून "नजर तेज करून देतो" म्हणणारे येतात. त्यावर शाळेचे पैसे घालू नका. दिवा बघून बटण दाबायचा सराव केला की मूल बटण दाबण्यात तरबेज होतं. समोरच्या खेळाडूचा खांदा वाचायला त्यातून शिकता येत नाही. तेवढ्या पैशात चेंडू आणि जाळी येईल.

माझी मागणी फार मोठी नाही. सरावाच्या प्रत्येक तासात निम्म्याहून जास्त वेळ समोर खरा खेळाडू असावा. मुलांना आपणहून ठरवायला लागेल अशी परिस्थिती असावी, आणि त्या वेळात शिट्टी खिशात असावी. मैदान लहान असेल, मुलं कमी असतील, शिक्षक एकच असेल, तरी हे जमतं, कारण यासाठी साहित्य लागत नाही.

तालुका क्रीडा नियोजनाच्या पुढच्या सभेत पंच, मैदान आणि वेळापत्रक ठरल्यावर अर्धा तास या विषयाला द्यावा, असं मी आमच्या तालुक्यात लेखी कळवलं आहे. तुम्हीही आपापल्या तालुक्यात कळवा. ज्यांना प्रत्यक्ष बघायचं असेल त्यांनी आमच्या मैदानावर या. मुली खेळतील, तुम्ही बघा, आणि जे पटणार नाही ते मुलींसमोरच मला सांगा.

आपली,
अमळनेर तालुक्यातली एक क्रीडाशिक्षिका